बिननोंदीचं कपाट

कोटनूरची माणसं दुसऱ्या गावात लग्नाला गेली की मांडवात भांडण लागलंय असं वाटून चार जण धावत येतात. भांडण वगैरे काही नसतं. कोटनूरकर एकमेकांना जिलेबी वाढू का विचारत असतात. सगळं गाव यंत्रमागावर पोसलेलं, आणि मागाच्या खडखडाटात वाढलेला माणूस हळू बोलायला शिकतच नाही. ओरडूनही भागत नाही तिथं गावाची हातबोली आहे. धागा तुटला, बॉबिन संपली, मालक आला, चहा आला, सगळ्याला खूण. मूठ वळून हवेत एक गोल फिरवला की त्याचा अर्थ ‘धागा जुळला, माग चालू कर.’ ही खूण कोटनूरच्या पोराला पाटी-पेन्सिलीच्या आधी येते.

२०४३ साली जुने माग बरेचसे भंगारात गेले होते आणि हवेच्या झोतानं धागा फेकणारे नवे माग आले होते. कारखानदार म्हणत, आवाज कमी झाला. खरं तर खडखडाटाची शिट्टी झाली होती, एवढंच.

अशा गावात शांतता शोधायची तर एकच जागा, नगर वाचनालय. तिथल्या ग्रंथपाल रेवती मगदूम. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक निळं लोखंडी कपाट दिसतं. त्याला कुलूप नाही आणि त्यातल्या एकाही पुस्तकाची रजिस्टरात नोंद नाही. आधीचे ग्रंथपाल ढवळेअण्णा यांनी ते चाळीस वर्षांपूर्वी सुरू केलं. शरीराबद्दलची, मनाच्या आजारांची, दारू सोडण्याची, घटस्फोटाच्या कायद्याची, म्हणजे जी पुस्तकं टेबलावर आणून शिक्का मारून न्यायला माणूस लाजतो, ती अण्णा खाकी कागदाचं वेष्टन घालून तिथं ठेवत. न्या, वाचा, परत ठेवा. कपाटापाशी कुणी थांबलं की अण्णा हटकून रस्त्याकडं तोंड करून बसायचे.

नोकरीला लागली तेव्हा रेवतीनं विचारलं होतं, “चोरीला जात नाहीत?”

“सतरा वर्षांत नऊ गेली,” अण्णा म्हणाले. “रजिस्टरातली दोनशे गेली.”

अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती, पण रेवती अजून कपाटाकडं पाठ करूनच बसायची.

आदल्या वर्षी नगरपालिकेनं ‘किशोरवयीन मार्गदर्शन व संसाधन संकेतस्थळ’ काढलं आणि ते सांभाळायला वाचनालयाच्या गळ्यात बांधलं. आठ महिन्यांत एक्केचाळीस जणांनी ते उघडलं, त्यातले तीस नगरपालिकेतलेच. मग एक दिवस अकरावीतली इनाया मोमीन फोन नाचवत टेबलापाशी आली.

“काकू, ह्यात युवा वाचनकक्ष म्हणून लिहिलंय, तिथं आता लग्नाचा हॉल हाय. आणि समुपदेशकाचा नंबर लावला तर एक आजोबा उचलत्यात. म्हणाले, मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण तू बोल बाळ.”

“मग बोललीस काय?”

“अर्धा तास बोललो. चांगले हायत आजोबा. पण त्यांच्या बायकोला पण सगळं कळलं की!”

कोटनूरच्या मुली ‘आलो, गेलो, बोललो’ असंच म्हणतात. त्यांच्या आवाजाला तेच शोभतं. रेवती हसली आणि म्हणाली, “एवढं कळतंय तर तूच कर.” कोटनूरच्या पोरीला असं म्हणायचं नसतं. इनायानं आठवड्याभरात पाच पोरांची समिती उभी केली, ते लांबलचक नाव पुसून टाकलं आणि साइटला नाव दिलं ‘बिननोंद’. नियम एकच केला. कुठलीही माहिती दोन पोरांनी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय साइटवर चढवायची नाही. मग अभ्यासाला मोफत जागा कुठं, भरतीच्या धावण्याचा सराव कोण घेतं, मुलींना पॅड न लाजता कुठं मिळतात, कुठल्या दवाखान्यात आधी ओरडतात आणि मग तपासतात, सगळं साइटवर आलं. चार महिन्यांत गावातली तीन हजार पोरं ‘बिननोंद’वर होती.

त्याच सुमारास एका संशोधन संस्थेनं प्रयोग म्हणून वाचनालयाला एक यंत्र दिलं. जेवणाच्या डब्याएवढं. पोरांनी त्याला ‘थबक्या’ म्हणायला सुरुवात केली.

थबक्याची विद्या अशी. टाइप करताना बोट एकेका अक्षरावर किती मिलिसेकंद टेकतं, पुढच्या अक्षरावर जायला किती वेळ घेतं, काय लिहितं आणि काय खोडतं, यात एक लय असते. साध्या प्रश्नाची लय सरळ असते. मनात एक आणि बोटात दुसरं असलं की बोट ठरावीक जागी थबकतं. हजारो स्वयंसेवकांच्या बोटांवरून शिकवलेलं हे यंत्र त्या थबकण्यावरून न विचारलेला प्रश्न ओळखायचं. पोरगं ‘वसतिगृहाचे नियम’ असं विचारी, आणि थबक्या वसतिगृहाच्या माहितीखाली हळूच एक ओळ ठेवी, ‘घरात राहणं अवघड झालंय का? हे बघ.’ दाबायचं तर दाबा, नाहीतर सोडा. दहातली सात पोरं दाबत. रोज सकाळी यंत्र एक थबकपत्र काढी. त्यात गावातल्या पोरांनी काय लिहिलं आणि काय लिहून खोडलं ते असे. नावाशिवाय.

पण या विद्येला दुसरी धार होती. बोटांची लय सहीसारखी असते, प्रत्येकाची वेगळी. वाचनालयाच्या सूचीयंत्रावर पोरं सभासद क्रमांक घालून पुस्तकं शोधत, तिथंही त्यांची लय नोंदली जाई. दोन्ही लयी जुळवल्या की दोन मिनिटांत नाव बाहेर. म्हणून त्या जुळवणीला कुलूप होतं आणि किल्लीचे दोन भाग केले होते. एक रेवतीकडं, दुसरा पोरांच्या समितीकडं. दोन्ही भाग एकत्र आल्याशिवाय नाव निघणार नव्हतं. आजवर ते कुलूप एकदाही उघडलं नव्हतं.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी रेवतीनं थबकपत्र उघडलं आणि तिचा चहा तसाच राहिला.

एकाच लयीच्या बोटांनी चार दिवसांत नऊ वेळा एकच वाक्य लिहून खोडलं होतं. ‘डावा कान अचानक बंद झालाय.’ त्याच्यापुढं दोनदा ‘मागावरनं काढतील काय’ आणि एकदा नुसतंच ‘भरती’. प्रत्यक्षात विचारलेला प्रश्न होता, ‘हेडफोन दुरुस्ती कुठं होते?’

तिनं डॉ. पाच्छापुरे बाईंना फोन लावला. त्या नगरपालिकेच्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टर.

“एक कान अचानक बंद?” डॉक्टर म्हणाल्या. “रेवती, आवाजानं झिजलेला कान परत येत नाही. पण असा एकाएकी गेलेला पुष्कळदा येतो, लगेच औषध दिलं तर. साधारण पहिले पंधरा दिवस. जितका उशीर तितकी आशा कमी. कोण आहे?”

“माहीत नाही.”

“मग माहीत करून घे की!”

दुपारपर्यंत गोष्ट नगरपालिकेचे मुख्याधिकारी घोरपडे यांच्यापर्यंत गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. खुर्चीत बसताना टाचणी टोचेल अशा बेतानं बसायचा, एवढंच.

“मगदूम मॅडम, पोराचा कान जाणार आणि आपण कुलूप राखत बसणार? उद्या पेपरात काय येईल? उघडा.”

“अर्धी किल्ली पोरांकडं आहे, साहेब.”

“मग पोरांकडून घ्या. नाही दिली तर मी यंत्रच ताब्यात घेतो आणि संस्थेकडून उघडून घेतो. गुरुवारपर्यंत वेळ देतो तुम्हाला.”

खरी गोष्ट अशी की रेवतीला साहेबांचा राग आलाच नाही. तिलाही ते कुलूप उघडायचंच होतं. कारण तिच्या घरात सतरा वर्षांचा वेदांग होता, आणि तो दुपारी मामाच्या मागावर जायचा. गेले काही दिवस तो जेवताना तिच्या उजव्या हाताची जागा सोडून डाव्या हाताला बसत होता. काही विचारलं की मान तिरकी करून “आँ?” म्हणायचा. कोटनूरात “आँ?” म्हणत नाही असा माणूस दाखवा! सगळं गाव ओरडून बोलतं, त्यामुळं इथं बहिरा झालेला माणूस वर्ष-वर्ष कुणाच्या ध्यानात येत नाही. ढवळेअण्णांचं नाही का, शेवटची पाच वर्षं त्यांना ऐकू येत नव्हतं हे त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी जेवताना तिनं सरळच विचारलं, “वेदांग, कान दुखतोय काय तुझा?”

“आँ?”

“कान!”

“काय न्हाई गं! जेवू दे की जरा,” म्हणून तो ताट घेऊन उठलाच.

रेवतीनं आपलंही ताट बाजूला सारलं. आपलंच पोरगं, आपल्याच साइटवर, आपल्यालाच न सांगता. आणि आपण गावातल्या तीन हजार पोरांच्या मनातलं ओळखायला निघालोय!

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तिनं इनायाला वाचनालयात गाठलं. ग्रंथपालाचा सगळा रुबाब गुंडाळून ठेवून ती म्हणाली, “इनाया, मी तुला आई म्हणून मागते. किल्ली दे. मला वाटतंय तो आमचा वेदांग आहे.”

इनायानं खुर्ची ओढली आणि चक्क हळू आवाजात बोलू लागली. कोटनूरच्या हिशेबानं ते फारच झालं.

“काकू, आज नाव काढलंसा तर एक कान वाचंल. मान्य हाय मला. पण परवा गावभर होणार, बिननोंदवाले नाव काढत्यात. मग पुढचं पोरगं नऊ वेळा खोडणार न्हाई, ते लिहिणारच न्हाई. त्याचा कान कोण वाचवणार?”

“तत्त्वज्ञान नको गं. माझं पोर आहे ते.”

“तत्त्वज्ञान न्हाई सांगत. एक गोष्ट दाखवतो, रागवू नका.” इनायानं फोन पुढं केला. “थबक्यानं त्याला बरोबर ओळखलं होतं. हेडफोनच्या उत्तराखाली ओळ दिली, ‘कानाला काही झालंय का? हे बघ.’ आणि त्यानं ती दाबली काकू! पान उघडलं. चाळीस सेकंद त्या पानावर थांबला आणि निघून गेला. ते पान वाचा.”

रेवतीनं वाचलं. ‘कान तपासणी, नगरपालिका दवाखाना. सकाळी दहा ते बारा. आधारकार्ड आणावे. पालकांसह यावे.’

“हे कुणी चढवलं?” असं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मे महिन्यात पोरं परीक्षेच्या निकालात गुंतलेली असताना दवाखान्याच्या यादीतली तीसेक पानं तिनं स्वतःच घाईघाईनं चढवली होती. दोन पोरांनी जाऊन बघायचा नियम तिनं मोडला होता. नगरपालिकेची यादी, तिच्यात काय चुकीचं असणार, असं म्हणून! त्या पोरानं दार ठोठावलं होतं, आणि दारावर तिनंच पाटी लावून ठेवली होती, ‘पालकांसह यावे.’

“माझी चूक आहे,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवलेही नाहीत. “माझ्यामुळं परत गेला तो.”

“मग नाव नका काढू काकू. ही ओळ काढा.”

तासाभरात इनाया आणि समितीतला आणखी एक पोरगा दवाखान्यात जाऊन डॉ. पाच्छापुरे बाईंच्या डोक्यावर बसले. तपासायला पालक लागतातच का? बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, नुसतं ऐकायची चाचणी करायला नाही लागत. औषध सुरू करायचं तर घरचं मोठं माणूस पाहिजे. पण आईच की बापच की आत्या, ते पोरानं ठरवायला माझी हरकत नाही. आधारकार्ड? ते यादी करणाऱ्या कारकुनालाच विचारा.

“पण एकटं एक पोरगं दवाखान्यात शिरलं की गाव बघतंच,” इनाया म्हणाली. “एकाला लपवायचं तर सगळ्यांनीच यायला पाहिजे.”

तिथून पुढं जे झालं ते कोटनूरात अजून रंगवून सांगतात. चाचणीला शांत खोली हवी होती आणि दवाखान्याला खेटूनच तर चोवीस माग होते. गावातली सगळ्यात शांत खोली म्हणजे वाचनालयाचा संदर्भ विभाग. चारही भिंती जाडजूड बांधीव खंडांनी भरलेल्या. पन्नास वर्षांत कुणी उघडले नव्हते, पण आवाज असा गिळायचे की दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यावा. डॉक्टरबाई आपलं यंत्र घेऊन तिथं बसल्या. नाव विचारायचं नाही, लिहायचं नाही. हातात जुन्या पुस्तकाची एक खूणपट्टी द्यायची, तेच टोकन.

आणि पोरांनी एक चित्रफीत केली. पंचवीस सेकंदांची, आवाज नसलेली, सगळी हातबोलीत. इनाया कॅमेऱ्यासमोर उभी राहते, धागा तुटल्याची खूण करते, बोट कानाकडं नेते. मग वाचनालय, बंद दार, ओठांवर बोट. शेवटी मूठ वळून हवेत गोल. दुसऱ्या गावच्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. कोटनूरात ती संध्याकाळपर्यंत प्रत्येक मागाखात्यात पोचली, आणि तिथं ती ऐकायची गरजच नव्हती. ‘बिननोंद’च्या पहिल्या पानावर तीच फीत, आणि खाली एवढंच: ‘एकटा ये. नाव सांगू नकोस. सगळेच येणार आहेत.’

बुधवारी सकाळी सात जण आले. सातही समितीची भावंडं. रेवती सारखी दारापाशी जाऊन रस्ता बघत होती. दुपारी मागाची पाळी सुटली आणि रस्त्यावर गलका ऐकू आला. पोरं येत होती. पाचपाच, दहादहा, एकमेकांना ढकलत, “तूच बहिरा हाईस बघ” म्हणत. दिवस मावळेपर्यंत एकशे दहा झाली. गुरुवारी तर रांग वाचनालयाच्या पायऱ्या उतरून पाण्याच्या टाकीपर्यंत गेली.

त्या रांगेत वेदांगही होता. आईकडं न बघता आत गेला आणि पाच मिनिटांनी हसत बाहेर आला.

“दोन्ही कान ठणठणीत हायत,” त्यानं जाहीर केलं.

“मग जेवताना माझ्या डाव्या हाताला का बसतोस? आँ-आँ का करतोस?”

त्यानं मान खाली घातली आणि डाव्या कानाला हात लावला. “क्रिकेटची मालिका चालू हाय. ह्या कानात कॉमेंट्री असतीया. त्या बाजूला बसलो की तुला दिसत न्हाई.”

रेवतीला रागही आला आणि रडूही आलं. आणि मग ध्यानात आलं. म्हणजे आपण कुलूप उघडलं असतं, तर दुसऱ्याच कुणाच्या तरी घराचं दार मोडून आत शिरलो असतो, आणि तेही आपलंच आहे अशा थाटात.

चार वाजता मुख्याधिकारी घोरपडे आदेशाचा कागद घेऊन आले. पायऱ्यांवरून आत शिरणार तेवढ्यात इनायानं त्यांना अडवलं आणि हातात एक खूणपट्टी ठेवली.

“साहेब, रांग हाय.”

“मी मुख्याधिकारी आहे.”

“नाव सांगायचं न्हाई साहेब. इथं तसा नियमच हाय.”

रांगेतली पोरं खदखदली. साहेबांनी मागं वळून रांग पाहिली. टाकीपर्यंत पाहिली. मग कागदाची घडी खिशात घातली आणि खरोखर जाऊन मागं उभे राहिले. पाऊण तासानं आतून बाहेर आले ते उजव्या कानावर हात ठेवून, जरा विचारात पडलेले.

तेवढ्यात डॉक्टरबाईंनी रेवतीला दारापाशी बोलावलं. “एकूण चारशे बारा. त्यातल्या चौतीस जणांचे कान थकायला लागलेत. त्यांना काही दिवस मागापासून लांब ठेवायला आणि कानात आवाज अडवणारी बोंडं घालायला सांगितलंय. आणि एक,” त्या थांबल्या, “एक डावा कान. अकरावा दिवस. दुपारीच घरचं माणूस घेऊन परत आलं, आपल्या पसंतीचं. औषध सुरू झालं.”

कोण, हा शब्द रेवतीच्या ओठांवर आला होता. मुलगा की मुलगी, एवढं तरी. ती वळली आणि अण्णांसारखी रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

“मगदूम मॅडम,” साहेब मागून म्हणाले, बरेच मोठ्यानं, “ती किल्ली आहे तशीच राहू दे. दोन्ही भाग.”

पुढच्या महिन्यात कारखानदारांच्या बैठकीत चौतीसचा आकडा कुणीतरी हातबोलीतच सांगितला म्हणतात, कारण ओरडून सांगायची त्याला लाज वाटली. प्रत्येक मागाखात्याच्या दारात कानाच्या बोंडांचा डबा टांगला गेला. ‘बिननोंद’वर त्या डब्यांचं पानही आलं, आणि दर आठवड्याला दोन पोरं जाऊन डबे भरलेत का ते बघू लागली. आजूबाजूच्या अकरा गावांतली पोरं इनायाकडं विचारायला आली, असली साइट काढायची कशी? ती सगळ्यांना आधी निळं कपाट दाखवते आणि मगच यंत्र.

तेवीस दिवस रेवती रोज सकाळी थबकपत्र उघडून ती एकच लय शोधायची. नाव नको होतं तिला. बोटं दिसली असती तरी पुरे होतं. बोटं गप्प होती. चोविसाव्या सकाळी ती दिसली.

‘डाव्या कानानं आज पंख्याचा आवाज ऐकला. मग मुद्दाम फोन त्या कानाला लावला. आजी बोलली ते सगळं कळलं. थोडं कमी येतं पण येतं.’

त्याच्याखाली थबक्यानं आपल्या कोरड्या पद्धतीनं नोंद केली होती: ‘खोडलेली अक्षरे: शून्य. थबक: शून्य.’

रेवतीनं ते तीनदा वाचलं. समितीची पोरं पलीकडच्या टेबलावर कुठल्याशा पानावरून नेहमीसारखी कचाकचा भांडत होती. तिनं हाक मारली नाही. वाचनालयात शांतता राखावी, अशी पाटी तिच्याच डोक्यावर होती. इनायानं मान वर करून पाहिलं तेव्हा रेवतीनं मूठ वळली आणि हवेत एक मोठा, पुरता गोल फिरवला.

पाच मुठी एकदम वर गेल्या.